सांगाड्यांचे नृत्य आणि आगकाड्यांची मौज : प्रारंभीच्या कृष्णधवल व्यंगचित्रपटांतील भयानक व हास्य

साहित्यशास्त्रात हास्य व भयानक हे परस्परविरोधी रस मानले गेले आहेत. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त हास्याचे विरोधी म्हणून भयानक व करुण यांचा निर्देश केला आहे. तथापि १९२९ ते १९३४ या काळात अमेरिकेत तयार झालेल्या कृष्णधवल व्यंगचित्रपटांत हे दोन विरोधी रस एकाच चौकटीत नांदताना दिसतात. हे कसे शक्य झाले आणि या कलेचा महाराष्ट्रातील पूर्वेतिहास कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या प्रकाराचे ठळक उदाहरण म्हणजे वॉल्ट डिस्ने यांच्या संस्थेचा ‘द स्केलेटन डान्स’ (१९२९) हा सुमारे साडेपाच मिनिटांचा लघुपट. त्यातील बहुतांश रेखाटन अब आयवर्क्स यांचे असून संगीत कार्ल स्टॉलिंग यांचे आहे. मध्यरात्री स्मशानात चार सांगाडे उठून नाचू लागतात. एक सांगाडा दुसऱ्याच्या पाठीच्या कण्यावर हाडांनीच वाद्यासारखे वादन करतो. कोंबडा आरवताच सर्वजण गोंधळून एकमेकांत मिसळतात व थडग्यात शिरतात. मागे राहिलेली दोन पावले शेवटी एक हात आत ओढून घेतो. मॅक्स फ्लायशर यांच्या ‘मिनी द मूचर’ (१९३२) मध्ये तर कॅब कॅलोवे या गायकाच्या प्रत्यक्ष हालचालींवरून रेखाटलेला भुताळी वॉलरस गुहेत नाचतो. जिवंत माणसाची लकब भुताच्या अंगी आल्याने तो प्रसंग आजही अस्वस्थ करतो.

येथे विषयापेक्षा पद्धती अधिक महत्त्वाची ठरते. बोलपटात सेकंदाला चोवीस चौकटी पुढे सरकतात. त्या हिशेबाने वरील सांगाड्यांच्या लघुपटात सुमारे आठ हजार चौकटी होतात. प्रत्येक चौकट स्थिर, म्हणजे एका अर्थी मृतच असते. गतीचा भास प्रेक्षकाच्या मनात निर्माण होतो. निर्जीवाने चालू लागणे, हीच भुताची लोकमानसातील कल्पना आहे आणि ॲनिमेशनची व्याख्याही जवळजवळ तीच. मात्र रेषेच्या देहाला वेदना नसते. हाड निखळले तरी रक्त येत नाही, ते पुन्हा जोडता येते. म्हणूनच भय क्षणभर टिकते आणि त्याची जागा हास्य घेते. काळ्या पार्श्वभूमीवरील पांढऱ्या हाडांना रंगांची उणीव भासत नाही, उलट रंग आले असते तर ती जरब कमी झाली असती.

सांगाडा हा चलच्चित्राचा अगदी आरंभीचा नायक आहे. ख्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने १६५९ मध्ये जादूच्या दिव्यासाठी काढलेल्या चित्रांत स्वतःचे मुंडके काढून घेणारा सांगाडाच आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस रॉबर्टसन याने पॅरिसमध्ये याच दिव्याच्या साहाय्याने भुतांचे खेळ केले.

हाच दिवा महाराष्ट्रात वेगळ्या रूपाने अवतरला. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्ये ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवरील रंगीत चित्रांचे खेळ सुरू केले. एकाच आकृतीच्या निरनिराळ्या अवस्था दाखवणारी चित्रे झपाट्याने बदलून पडद्यावर हालचाल निर्माण केली जाई. नाव उच्चारण्यास अवघड, पण निवड चोख : शंबर हा मायावी असुर, आणि शांबरी म्हणजे माया. आख्याने मात्र प्रामुख्याने पौराणिक होती. पाश्चात्त्य दिव्याने भुते दाखवली, तर पटवर्धनांनी आपल्या यंत्रालाच असुराचे नाव देऊन देवदेवतांच्या कथा दाखवल्या, हा भेद लक्षणीय आहे.

पुढचे पाऊल दादासाहेब फाळके यांचे. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) पूर्वीच त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ चौकटी-चौकटींनी टिपली होती. १९१५ च्या सुमारास त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला. त्यात काड्या हलताना कोणाचा हात दिसत नाही. काडी किंचित सरकवावी, एक चौकट घ्यावी, पुन्हा सरकवावी. मूकपटाची गती सेकंदाला सोळा चौकटी धरल्यास एका मिनिटासाठी ही क्रिया ९६० वेळा करावी लागते. एमिल कोल यांनी फ्रान्समध्ये १९०८ साली असाच आगकाड्यांचा पट केला होता. परंतु फाळके हे स्वतः जादूचे प्रयोग करणारे कलावंत होते, ‘प्रोफेसर केळफा’ हे नाव त्यांनी आपलेच आडनाव उलटवून घेतले होते. त्यामुळे निर्जीव काडीला नाचविण्याची ओढ त्यांना केवळ अनुकरणातून लागली असे म्हणणे अन्यायाचे होईल. पुढे पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने १९३४ मध्ये ‘जंबूकाका’ हा कोल्ह्याचा व्यंगचित्रपट काढला. त्याच वर्षी अमेरिकेत चित्रपटांवरील नियमावलीची कठोर अंमलबजावणी सुरू झाली आणि रंगीतपटही स्थिरावू लागले. तेथील कृष्णधवल भुतांचा भर ओसरला.

अध्यापनाच्या दृष्टीने एक विषमता येथे नोंदवणे आवश्यक आहे. ‘द स्केलेटन डान्स’ अखंड स्वरूपात पाहता येतो. १ जानेवारी २०२५ पासून अमेरिकेत तो स्वामित्वहक्कातूनही मुक्त झाला आहे. शांबरिक खरोलिकेच्या काही चित्रकाचा जपल्या गेल्या आहेत. ‘आगकाड्यांची मौज’ मात्र आज उपलब्ध नाही. त्या काळची फिल्म नायट्रेटची, अत्यंत ज्वालाग्राही असे. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ मध्ये झाली, म्हणजे या लघुपटानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी. जानेवारी २००३ मध्ये तेथील नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागून जुन्या चित्रपटांच्या अनेक प्रती जळाल्या. वर्गात पडद्यावर त्यामुळे परदेशी सांगाडे नाचतात, आणि फाळक्यांच्या काड्यांची हकीकत फळ्यावर लिहून सांगावी लागते.