काळ्या दगडाच्या पोटी

मुंबईतील नायगाव हा गिरणी कामगारांच्या वस्तीचा जुना भाग. १९२० नंतरच्या दशकात मुंबई विकास खात्याने येथे बी. डी. डी. चाळी बांधल्या आणि त्या चाळींत कामगारांच्या अनेक पिढ्या वाढल्या. आता त्या जुन्या चाळींच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. बांधकाम म्हटले की खडी ही आलीच.

खडीकडे सहसा कोणी निरखून पाहत नाही. ती काळी, ओबडधोबड आणि धुळीने माखलेली असते. परंतु शाळेतून परतणारा एखादा चौकस मुलगा रस्त्याकडेच्या ढिगापाशी क्षणभर थांबला आणि एक तुकडा उचलून त्याने तो सदऱ्याच्या टोकाने पुसला, तर कधी कधी त्याला नवल वाटावे असे काही दिसते. काळ्या दगडात हरभऱ्याएवढी एक खळगी असते आणि तिच्यात खडीसाखरेच्या कणांसारखे काहीतरी लखलखत असते. हा पदार्थ कोणता? तो दगडाच्या पोटात शिरला कसा? आणि तो जपून ठेवण्याजोगा आहे काय?

या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी आपल्याला फार मागे जावे लागेल. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आजच्या महाराष्ट्राच्या भूमीवर ज्वालामुखीचे प्रचंड उद्रेक झाले. जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून तप्त शिलारस बाहेर आला व दूरवर पसरला. तो थिजला, त्यावर दुसरा लोट आला, मग तिसरा आला. असे थरावर थर साचत गेले. सह्याद्रीचे कडे दुरून पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात, ते या थरांमुळेच. आजही हा खडक सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर पसरलेला असून महाराष्ट्राचा जवळजवळ चार-पंचमांश भाग त्याने व्यापला आहे. शास्त्रज्ञ त्याला बेसाल्ट म्हणतात. आपण त्याला नुसता काळा दगड म्हणतो. वेरूळचे कैलास लेणे, रायगडाचा कडा, स्वयंपाकघरातील पाटा-वरवंटा आणि रस्त्यावरची खडी ही सारी एकाच कुळातली.

आंबोळीचे पीठ तव्यावर पसरले की तिच्यात वाफेचे बुडबुडे येतात व जाळी पडते. शिलारसाचेही तसेच झाले. त्यात कोंडलेले वायू वर येऊ लागले. परंतु वरचा थर थिजल्यामुळे त्यांतील पुष्कळ बुडबुडे खडकातच अडकून राहिले. वायू निघून गेले, पोकळ्या तेवढ्या उरल्या. काही पोकळ्या मुगाएवढ्या, काही नारळाएवढ्या, तर क्वचित एखादी माणूस आत बसू शकेल एवढी. पुढे दीर्घकाळ खडकातील भेगांमधून उष्ण पाणी झिरपत राहिले. खडकातील सिलिका व इतर द्रव्ये त्या पाण्यात विरघळली आणि पोकळ्यांच्या भिंतींवर हळूहळू जमू लागली. प्रथम अकीकाचे पातळ पट्टे बसले आणि त्यांवर, आत मोकळी जागा उरली असेल तेथे, टोकदार स्फटिक उगवले. ज्या शिलारसाने भूमी होरपळली, त्याच्याच पोटात निसर्गाने हे नाजूक काम अंधारात आणि अत्यंत सावकाशीने केले.

त्या स्फटिकांपैकी आपल्या सर्वांत परिचयाचा म्हणजे गारगोटी, म्हणजेच क्वार्ट्झ. मराठीत आकाशातून पडणाऱ्या बर्फाच्या खड्यालाही आपण गार म्हणतो आणि जमिनीत सापडणाऱ्या या शुभ्र दगडालाही गारच म्हणतो. प्राचीन ग्रीकांना तर स्फटिक हा पुन्हा न वितळण्याइतका घट्ट गोठलेला बर्फच वाटत असे. इंग्रजीतील 'क्रिस्टल' हा शब्द बर्फाच्या ग्रीक नावावरूनच आला आहे. दोन दूरच्या भाषांनी एकच साम्य टिपावे, ही गंमत खरी. पण गारगोटी म्हणजे बर्फ नव्हे. सिलिकॉनचा एक अणू व ऑक्सिजनचे दोन अणू या प्रमाणात ती बनलेली असते. तिचा पूर्ण वाढलेला स्फटिक सहा बाजूंचा असून वर निमुळता होत जातो. १६६९ साली निकोलस स्टेनो या डॅनिश विद्वानाने दाखवून दिले की, गारगोटीचा स्फटिक लहान असो वा मोठा, सरळ वाढलेला असो वा वाकडा, त्याच्या ठरावीक बाजूंमधील कोन नेहमी सारखेच असतात. दगडाच्याही घडणीत शिस्त असते, हे या शोधाने माणसास कळले.

गारगोटी ओळखण्याची खूण सोपी आहे. तिने काचेवर ओरखडा उठतो. उलट पोलादी चाकूचा ओरखडा तिच्यावर सहसा उठत नाही. खनिजांचा कठीणपणा मोजण्यासाठी फ्रीडरिश मोस याने १८१२ साली जी दहा पायऱ्यांची श्रेणी लावली, तिच्यात गारगोटी सातव्या पायरीवर आहे. तिच्यासारखेच पांढरे दिसणारे कॅल्साइट तिसऱ्या पायरीवर असल्याने चाकूने सहज ओरखडते. डोळा फसतो, पण ही कसोटी सहसा फसत नाही.

याच गारगोटीच्या जातीत लोहाचा अल्पसा अंश मिसळला आणि खडकातील नैसर्गिक किरणोत्साराचा तिच्यावर दीर्घकाळ परिणाम झाला, म्हणजे तिला जांभळा रंग चढतो. हाच ॲमेथिस्ट. पुष्कळदा त्याचा बुडखा पांढुरका असतो आणि टोकाकडे जांभळी छटा गडद होत जाते. हा रंग मात्र नाजूक आहे. फार काळ उन्हात ठेवल्यास तो फिका पडू शकतो आणि भट्टीत तापवल्यास पुष्कळदा पिवळा होतो.

या दगडांची कीर्ती नवी नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन ग्रंथकार प्लिनी याने भारतातील जांभळ्या स्फटिकांना पहिले स्थान दिले. त्याच शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून सुलेमानी दगड गाड्यांत भरून भडोचच्या बंदरात येत असल्याची नोंद आहे. सुलेमानी दगड म्हणजे गारगोटीच्याच कुळातील पट्टेदार अकीक. गोदाकाठचा दगड घाट उतरून समुद्र ओलांडत होता!

पुढे १८५६ ते १८६३ या काळात मुंबई-पुणे लोहमार्गासाठी बोरघाट फोडण्यात आला. हजारो मजुरांनी डोंगरात बोगदे खणले. त्या खोदकामात स्फटिकांनी भरलेल्या पोकळ्या उघड्या पडल्या आणि तेथील सुंदर नमुने परदेशांतील संग्रहालयांत गेले. तेव्हापासून आजपर्यंत महाराष्ट्रात जेथे जेथे दगड फुटतो, तेथे तेथे अशी नवलाई अधूनमधून प्रकट होते. पुण्याजवळच्या पाषाणच्या खाणींनी हिरवे अपोफिलाइट दिले. वाघोलीच्या खाणींतून कॅव्हान्साइट या दुर्मिळ खनिजाचे गर्द निळे झुबके निघाले. त्यांच्या तोडीचे नमुने जगात अन्यत्र क्वचितच आढळतील. २००१ साली राहुरीजवळ मोमीन आखाडा येथे पाण्यासाठी विहीर खणताना अपोफिलाइटचे तेजस्वी हिरवे स्फटिक हाती आले. गारगोटी व ॲमेथिस्ट ही याच पोकळ्यांतील भावंडे. नाशिक जिल्ह्यातील सिन्नर येथे के. सी. पांडे यांनी उभारलेल्या 'गारगोटी' या संग्रहालयात महाराष्ट्राचे हे भूमिगत वैभव एकत्र पाहावयास मिळते.

येथे एक विलक्षण गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. सुरुंगाने खडक फुटला नसता, तर हे स्फटिक कधी दिसलेच नसते. आणि तोच सुरुंग, तोच घण, तेच खडीचे यंत्र यांमुळे बहुतेक स्फटिकांचा चुरा होतो. दिसण्याची आणि नष्ट होण्याची घटका जवळजवळ एकच असते. त्या घटकेला तेथे असतो तो खाणकामगार. धुरळ्यात व उन्हात राबणाऱ्या त्या माणसाने हात आखडता घेतला, पोकळीभोवतीचा खडक जपून सोडवला आणि स्फटिक गवतात किंवा कागदात गुंडाळून ठेवला, तरच तो वाचतो. संग्रहालयाच्या कपाटात चमकणाऱ्या नमुन्यामागे बहुधा असा एक अनाम हात असतो.

तथापि स्फटिक वाचला म्हणजे सारे काही साधले असे नाही. मुंबईच्या उपनगरांत कांदिवली व मालाड येथे पूर्वी दगडाच्या खाणी होत्या. तेथे फिकट हिरवे प्रेहनाइट व इतर अनेक खनिजे मिळत. मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयातील भूविज्ञानाचे अध्यापक सुखेश्वाला यांनी दख्खनच्या काळ्या खडकातील अशा खनिजांचा अभ्यास करून त्यावर लेखन केले. पुढे शहर वाढत गेले आणि जेथे डोंगर फुटत होता तेथे घरे उभी राहिली. त्या भूमीच्या पोटात काय होते, हे आज तेथे जाऊन पाहता येत नाही. ते सांगतात ते जतन केलेले नमुने, आणि तेसुद्धा त्यांच्याजवळची चिठ्ठी शाबूत असेल तरच.

चिठ्ठी म्हणजे नमुन्याची जन्मपत्रिकाच. त्यावर खनिजाचे नाव, ते सापडले ते गाव, तालुका व जिल्हा, खाण की विहीर, सापडल्याची तारीख आणि देणाऱ्याचे नाव लिहावयाचे असते. नमुन्याच्या खालच्या बाजूस लहानसा क्रमांक घालून तोच क्रमांक वहीत नोंदवितात, म्हणजे चिठ्ठी हरवली तरी ओळख हरवत नाही. गाव ठाऊक असलेला स्फटिक हा भूमीचा साक्षीदार असतो. गाव हरवलेला स्फटिक केवळ शोभेची वस्तू होतो. म्हणूनच जाणता संग्राहक नमुना हाती घेतला की प्रथम विचारतो, "हा कुठला?"

या प्रश्नाला खोटे उत्तर देण्याचा मोहही होतो. प्रसिद्ध खाणीचे नाव सांगितले की किंमत वाढते. कोणी तुटलेला स्फटिक गोंदाने चिकटवितो, तर कोणी अकीकाला कृत्रिम रंग देतो. भिंगाखाली पाहिल्यास गोंदाची कड दिसते आणि भेगांत साचलेला भडक रंगही उघडा पडतो. परंतु चिठ्ठीतील खोटे पकडणे फार कठीण. एका असत्य चिठ्ठीने एका गावाचा खोटा इतिहास लिहिला जातो, आणि पुढचे अभ्यासक तो खरा मानून चालतात.

चांगला नमुना कसा ओळखावा? आकार मोठा म्हणजे नमुना चांगला, हा समज बरोबर नव्हे. टोके अभंग असावीत, पैलू स्वच्छ व चकचकीत असावेत, रंग मूळचा असावा. स्फटिक ज्या खडकावर उगवला त्या खडकासह मिळाला, तर अधिक मोलाचा. कारण त्यामुळे त्याचे घर समजते. तो घरी आणल्यावर कोमट पाण्यात भिजवून मऊ कुंचल्याने धुवावा. गरम पाण्यातून एकदम थंड पाण्यात टाकल्यास तो तडकण्याचा संभव असतो. आम्लाचा उपयोग मुलांनी मुळीच करू नये. प्रत्येक नमुना वेगळ्या कागदात गुंडाळून ठेवावा. नाहीतर स्फटिक एकमेकांवर घासून त्यांची टोके झडतात. ॲमेथिस्ट खिडकीत न मांडता सावलीत ठेवावा.

संग्राहकाने काही मर्यादाही पाळल्या पाहिजेत. खाणीत मालकाच्या परवानगीवाचून आणि मोठ्यांच्या सोबतीवाचून पाऊल टाकू नये. सुटलेल्या कड्याखाली कधीही उभे राहू नये. हातोडी चालवताना डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा. लेण्यांच्या भिंती आणि गडांचे कातळ यांतही स्फटिकांच्या खळग्या दिसतात. परंतु ते राष्ट्राचे धन असल्याने तेथे हातोडी लावणे हा अपराध होय. तेथील स्फटिक डोळ्यांनी पाहावा आणि जागच्या जागी राहू द्यावा.

आता नायगावच्या त्या चौकस मुलाकडे वळू. त्याच्या तळहातावर खडीचा एक तुकडा आहे. त्याला बाजारात काहीच किंमत येणार नाही. पण त्याने काचेच्या तुकड्यावर तो चमकता कण घासून पाहिला, ओरखडा उमटला, आणि ही गारगोटीच असावी, असे त्याने ठरविले. आता चिठ्ठी लिहावयाची. गावाच्या जागी काय लिहावे? 'नायगाव' लिहिणे बरोबर होणार नाही; कारण दगड नायगावात सापडला असला तरी नायगावात घडलेला नाही. तो कोठल्यातरी खाणीतून मालमोटारीने येथे आला आहे. मोटार पुन्हा आली, तर चालकाला त्या खाणीचे नाव विचारता येईल. तोपर्यंत त्याने लिहावे, 'गारगोटी, काळ्या दगडात. नायगाव येथील खडीच्या ढिगात सापडली. मूळ खाण अज्ञात.' आणि खाली त्या दिवसाची तारीख घालावी.

ही लहानशी चिठ्ठी अपुरी असली, तरी खरी आहे. जे माहीत आहे ते नेमके लिहिणे, आणि जे माहीत नाही त्याची जागा मोकळी ठेवून ते शोधीत राहणे, येथूनच संग्रहाला आणि शास्त्रालाही आरंभ होतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या काळ्या दगडाने आपल्या पोटी जे जपले, ते पुढच्यांच्या हाती प्रामाणिकपणे सोपविणे, एवढेच काम माणसाकडे आले आहे.