315 मुलांचा हिशेब

2017 च्या ऑक्टोबरमध्ये भारतात सतरा वर्षांखालील मुलांचा फिफा विश्वचषक झाला. 24 देश, 6 शहरं, 52 सामने. या सामन्यांची मैदानावरची एकूण उपस्थिती होती 13,47,133. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या गोवा राज्याची लोकसंख्या 14 लाख 58 हजार भरली होती. एकच माणूस दोन सामन्यांना आला तर तो दोनदा मोजला जातो, हे धरूनही हा आकडा अफाट आहे. या वयोगटाच्या विश्वचषकाला इतकी गर्दी त्याआधी कधीच झाली नव्हती. चीनने 1985 मध्ये पहिली स्पर्धा भरवली तेव्हा 12,30,976 ची नोंद झाली होती, आणि ती 32 वर्षं टिकली होती.

ही सगळी गर्दी यजमानांच्या प्रेमापोटी जमली म्हणावं, तर भारताचे सामने होते फक्त तीन. अमेरिकेकडून 0-3, कोलंबियाकडून 1-2, घानाकडून 0-4. 12 ऑक्टोबरला आपली मुलं स्पर्धेबाहेर पडली. त्यानंतर 16 दिवसांनी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर अंतिम सामना झाला. खेळणारे देश इंग्लंड आणि स्पेन, आणि बघायला 66,684 माणसं. त्याआधीचा इंग्लंड-ब्राझील उपांत्य सामना तर गुवाहाटीत व्हायचा होता. पावसाने तिथलं मैदान खराब झालं म्हणून तो ऐनवेळी कोलकात्याला हलवला, तरी प्रेक्षक 60 हजारांच्या वर गेले. या देशाला फुटबॉल बघायची आवड नाही, असं त्यानंतर कोणी म्हणू नये.

52 सामन्यांची मिनिटं झाली 4,680. त्यात 183 गोल. सरासरी काढली तर साधारण दर पंचवीस-सव्वीस मिनिटांना एक. स्पर्धेच्या इतिहासात तोवर एवढे गोल कधी झाले नव्हते. अंतिम सामन्यात स्पेन 2-0 ने पुढे होता, आणि तिथून इंग्लंडने पाच गोल चढवले. दोन गोल फिल फोडेनचे. तोच स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच्याच संघातल्या रियान ब्रूस्टरने स्पर्धेत एकूण 8 गोल केले.

या 183 पैकी आपल्या वाट्याचा गोल एक. दिल्लीत कोलंबियाविरुद्ध 82 व्या मिनिटाला संजीव स्टॅलिनच्या कॉर्नरवर जॅक्सन सिंगने उंच उडी घेऊन डोक्याने चेंडू जाळ्यात मारला. फिफाच्या कुठल्याही विश्वचषकात भारताने केलेला हा पहिला गोल. पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने दुसरा गोल केला. म्हणजे बरोबरीचा आनंद देशाला जेमतेम एक मिनिट मिळाला. पण ते मिनिट ज्यांनी पाहिलं, ते आजही त्याबद्दल भरभरून बोलतात.

आता प्रेक्षकांकडून खेळाडूंकडे वळू. प्रत्येक संघात 21 मुलं, 24 संघ, म्हणजे एकूण 504. वयाची मुख्य अट, जन्म 1 जानेवारी 2000 किंवा त्यानंतरचा. 31 डिसेंबर 1999 च्या रात्री जन्मलेला मुलगा कितीही गुणी असो, त्याला हे दार बंद. भारतात एका वर्षात अडीच कोटींच्या आसपास मुलं जन्माला येतात. त्यातले निम्मे मुलगे धरले, तरी एका वर्षाच्या साधारण सव्वा कोटी मुलग्यांमागे जागा 21. सहा लाखांत एक.

याच स्पर्धेत न्यू कॅलेडोनिया नावाचा संघ पहिल्यांदाच आला होता. प्रशांत महासागरातली ही बेटं, वस्ती पावणेतीन लाखांच्या आसपास, म्हणजे कोल्हापूर शहराच्या जवळपास निम्मी. त्यांना फ्रान्सने 7-1 ने हरवलं, होंडुरासने 5-0 ने. पण तिसऱ्या सामन्यात त्यांनी जपानला 1-1 असं रोखलं. पावणेतीन लाखांच्या बेटांनी एक गुण घेतला, आणि 130 कोटींच्या आपण शून्य. लोकसंख्येचा आकडा मैदानात उतरत नाही, याचा हा स्वच्छ पुरावा.

आपल्या संघातच याहून मोठा पुरावा होता. 21 पैकी 8 मुलं मणिपूरची. कर्णधार अमरजित सिंग, गोलरक्षक धीरज सिंग, तो एकमेव गोल करणारा जॅक्सन, सगळे तिकडचेच. 2011 च्या जनगणनेत मणिपूरची लोकसंख्या 28 लाख 56 हजार, महाराष्ट्राची 11 कोटी 24 लाख. जवळजवळ चाळीस पट. महाराष्ट्रातून संघात होता कोल्हापूरचा अनिकेत जाधव. नमित देशपांडे हे आणखी एक मराठी नाव होतं, पण तो वाढला अमेरिकेत, न्यू जर्सीत. आणि फुटबॉल ज्याच्या रक्तात आहे असं आपण म्हणतो, त्या गोव्याचा एकही मुलगा नव्हता. मडगावच्या फातोर्ड्याला इराणने जर्मनीला 4-0 ने हरवलेलं गोव्याने पाहिलं, नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर स्पेन-माली उपांत्य सामना आपण पाहिला. दोन्ही ठिकाणी आपण प्रेक्षक.

मणिपूरच्या प्रमाणात महाराष्ट्राने मुलं घडवली असती, तर किती निघाली असती? हिशेब सोपा आहे. 28 लाख 56 हजारांत 8, तर 11 कोटी 24 लाखांत 315. आणि 315 ला 21 ने भागलं की बरोबर 15. विश्वचषकातल्या 24 संघांपैकी 15 संघ एकट्या महाराष्ट्राने भरले असते! हा आकडा मी पुन्हा पुन्हा ताडून पाहिला. तो खरा आहे, आणि मला तो अस्वस्थ करतो.

त्यातही अनिकेत कोल्हापूरचा असावा, हे मला अगदी साहजिक वाटतं. राज्यात जिथे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींच्या नावाने फुटबॉलचे संघ उतरतात, शाहू स्टेडियमवर पेठेची पेठ येऊन बसते आणि पराभव घरातल्या ताटापर्यंत जातो, ते गाव हेच. पण कोल्हापूर जिल्हाही 38 लाखांचा आहे, मणिपूरपेक्षा दहा लाखांनी मोठा. आवड तिथे काठोकाठ आहे. कमी पडते ती दहा-बारा वर्षांच्या मुलाला रोज मिळायला हवी अशी सपाट जमीन, जाणता प्रशिक्षक आणि वर्षभर चालणारे सामने. विश्वचषकाच्या तोंडावर, 15 सप्टेंबर 2017 ला, महाराष्ट्र सरकारने एका दिवसात दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा संकल्प केला होता. संकल्प सुंदर होता. पण पायात चेंडू मुरायला एक दिवस पुरत नाही, त्याला सात-आठ वर्षं लागतात.

दरम्यान, विश्वचषकाचं ते दार मोठं झालं आहे. 1985 ते 2023 या काळात या स्पर्धेच्या 19 आवृत्त्या झाल्या. आधी 32 आणि नंतर 52 सामन्यांच्या. बेरीज 768 सामने. 2025 पासून स्पर्धा दरवर्षी होते, 48 संघांची आणि 104 सामन्यांची. 2029 पर्यंतच्या पाचही आवृत्त्या कतारमध्ये. म्हणजे 38 वर्षांत 768 सामने झाले, आणि आता अवघ्या पाच वर्षांत 520 होतील. संघ वाढले तशी दरीही दिसली. 2025 मध्ये मोरोक्कोने त्याच न्यू कॅलेडोनियाला 16-0 ने हरवलं, स्पर्धेतला आजवरचा सर्वांत मोठा विजय. तरी त्या बेटांवरची मुलं तिथवर पोहोचली होती. भारताचा संघ त्या 48 मध्ये नव्हता.

2029 च्या स्पर्धेसाठी जन्माची अट 1 जानेवारी 2012 ची असेल. ती मुलं आज आपल्या माध्यमिक शाळांत शिकत आहेत.