बोंबील फ्रायसोबत कुठली वाईन?

नाशिकला समुद्र नाही, पण द्राक्षं आहेत! मित्रमंडळी जेवायला येणार असतील तर सुरुवातीच्या मासळीशी इथलीच व्हाइट वाईन जमवा. इथल्या सुला वायनरीने 2000 साली पहिल्यांदा बाजारात आणलेल्या सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां, दोन्ही कामाच्या. रवा लावलेल्या कुरकुरीत बोंबलाला आंबटसर सोव्हिन्यों. लिंबू पिळायची गरजच उरत नाही. तिखटजाळ कोळंबी कोळीवाड्याला किंचित गोडसर शेनिन, कारण गोडवा तिखटाला आवरतो. दिंडोरीची शांदों ही स्पार्कलिंग वाईन मात्र कुठल्याही तळणीला चालते, माझी आवडती हीच. रेड वाईन मटणासाठी ठेवा. तिच्यातलं लोह माशाच्या चरबीशी भिडलं की तोंडात नकोशी, उग्र मासळीची चव रेंगाळते. व्हाइट 8-10 अंशांवर थंड हवी. आणि हो, सोलकढी नंतर!