निकालपत्रातली बेरीज

शरियत बदलता येत नाही, हे वाक्य सनातनी ढाल म्हणून वापरतात आणि इस्लामचे टीकाकार पुरावा म्हणून. भारतातल्या मुस्लिम स्त्रियांचा गेल्या शंभरेक वर्षांचा इतिहास मात्र या वाक्याला दुजोरा देत नाही.

हनफी पंथाच्या कायद्यात नवरा परागंदा झाला किंवा पोसेनासा झाला, तरी बायकोला फारकत मिळणे जवळजवळ अशक्य होते. ब्रिटिश अमदानीत, विशेषतः पंजाबात, काही स्त्रियांनी यावर तोड काढली. त्यांनी धर्मच सोडला, कारण धर्म सोडला की निकाह आपोआप मोडतो, असे न्यायालये मानत. ही वाट रुळू लागली तसे उलेमा हादरले. देवबंदी परंपरेतले मौलाना अशरफ अली थानवी यांनी मालिकी पंथाच्या कायद्यातून फारकतीची कारणे उसनी घेण्याचा मार्ग मोकळा केला. त्यातून १९३९चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा आला. नवरा चार वर्षे बेपत्ता असेल, दोन वर्षे पोसत नसेल, छळ करत असेल, तर स्त्रीला न्यायालयातून मोकळे होता येऊ लागले. त्याच कायद्याने धर्मत्यागाची पळवाटही बुजवली. म्हणजे बायकांनी दाब आणला, मग शास्त्रार्थ वाकला. आणि वाकताना त्याने आपली किंमतही वसूल केली.

या कायद्याने पुरुषाच्या तोंडी तलाकला मात्र हात लावला नाही. तो प्रश्न रस्त्यावर आणला महाराष्ट्राने. १८ एप्रिल १९६६ रोजी समाजसुधारक हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम महिलांनी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, समान नागरी कायदा करा, या त्यांच्या मागण्या. मोर्चात दलवाईंच्या पत्नी मेहरुन्निसाही होत्या. चिपळूणजवळच्या मिरजोळीत जन्मलेल्या दलवाईंनी २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. नावातच जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचा वारसा होता. कुराणातल्या आयतींचा कीस पाडत बसणे त्यांना मान्य नव्हते. स्त्रीचा हक्क नागरिक म्हणून मागायचा, ग्रंथाच्या परवानगीने नव्हे, ही त्यांची भूमिका. १९७७ साली, वयाच्या पंचेचाळिशीआधीच, ते गेले. मेहरुन्निसा भाभींनी काम पुढे नेले. १९८५ साली कोल्हापूरहून नागपूरकडे निघालेल्या तलाक मुक्ती मोर्च्यात समाजातूनच झालेला कडवा विरोध त्यांनी सोसला.

त्याच वर्षी शाहबानो निकाल आला. इंदूरच्या नामांकित वकिलाने उतारवयातल्या बायकोला, शाहबानोंना, घराबाहेर काढले आणि पुढे तलाक दिला. कनिष्ठ न्यायालयाने महिना २५ रुपये पोटगी ठरवली, उच्च न्यायालयाने ती १७९ रुपये २० पैसे केली. वादळ उठले ते एवढ्या रकमेवरून. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या खंडपीठाने पोटगी कायम केली. सोबत कुराणाचा दाखला दिला आणि समान नागरी कायद्याची आठवणही करून दिली. राजीव गांधी सरकारने १९८६ साली कायदा करून निकाल पुसला, असे सर्वांनाच वाटले. पण त्या कायद्यात इद्दतीच्या, म्हणजे तलाकनंतरच्या प्रतीक्षेच्या, मुदतीत ‘वाजवी आणि न्याय्य तरतूद’ करण्याची अट होती. शाहबानोंचे वकील दानियल लतीफी यांच्याच याचिकेवर २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने या अटीचा अर्थ लावला: पैसे इद्दतीत द्यायचे, पण तरतूद पुढच्या आयुष्याची करायची. पुढल्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने लातूरच्या दगडू पठाण खटल्यात नवऱ्यांची आणखी एक सोय काढून घेतली. ‘मी तलाक दिला आहे’ एवढे म्हणून भागणार नाही; कारण काय, समेटाचा प्रयत्न झाला का, हे सिद्ध करावे लागेल, असे पूर्णपीठाने ठरवले.

याच काळात दुसरी फळी उभी राहिली. २००७ साली स्थापन झालेल्या भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या झकिया सोमण आणि नूरजहाँ सफिया नियाज यांनी दलवाईंच्या उलट वाट धरली. कुराणाने दिलेले हक्क मौलवींनी दडपले, तेच आम्ही मागतो, असे त्या म्हणाल्या. हाजी अलीच्या मजारीपर्यंत जाण्याचा महिलांचा हक्क त्यांनी २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयातून परत मिळवला.

या दोन वाटांमधली खरी कोणती, यावर आपल्याकडे परिसंवाद झडत आले आहेत. २२ ऑगस्ट २०१७ चा शायराबानो निकाल त्यासाठी बारकाईने वाचावा. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांपैकी तिघांनी एका दमातला तिहेरी तलाक रद्द केला. पैकी रोहिंटन नरिमन आणि उदय लळित यांनी तो मनमानी, म्हणून घटनेच्या चौदाव्या कलमाविरुद्ध ठरवला. कुरियन जोसेफ यांनी घटनेचा हा आधार घेतला नाही. ही प्रथा कुराणातच बसत नाही, म्हणून ती कायद्यातही बसत नाही, असे त्यांनी लिहिले. घटनेची मते दोन, कुराणाचे एक. दलवाईंचा युक्तिवाद एकटा पडला असता तर हरला असता, आंदोलनाचाही. मेहरुन्निसा भाभी त्याच वर्षी जूनमध्ये गेल्या. निकाल पाहायला त्या नव्हत्या.

२०१९च्या कायद्याने असा तलाक देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. नवरा तुरुंगात गेल्यावर घर कोण चालवणार, हा महिला संघटनांपैकीच अनेकींनी विचारलेला सवाल कायम आहे. बहुपत्नीत्व आणि मुलीचा वारशातला निम्मा वाटा हे प्रश्नही तसेच आहेत. ते सोडवताना घटना आणि ग्रंथ यांपैकी एकच निवडा, असा हट्ट धरणाऱ्याला विचारावे: तिसरे मत कुठून आणणार?