चुट्टी टीव्ही
मुलांसाठी असलेली तमिळ दूरचित्रवाणी वाहिनी. चेन्नईच्या सन टीव्ही नेटवर्कने ती एप्रिल २००७ मध्ये सुरू केली. ‘चुट्टी’ म्हणजे खोडकर, चुणचुणीत मूल. मराठी ‘सुट्टी’शी त्याचा संबंध नाही. आरंभीच्या लोकप्रिय व्यंगचित्रमालिका परदेशी होत्या. तमिळमध्ये ग्रांथिक भाषा व बोली यांत मोठे अंतर आहे. मालिकांवर तमिळ संवाद चढविताना मात्र बोलीच पत्करली गेली आणि स्थानिक विनोदही पेरला गेला. डोरा द एक्सप्लोरर या मालिकेतील बूट्स हे माकड ‘बुज्जी’ झाले. जॅकी चॅन ॲडव्हेंचर्स या अमेरिकन मालिकेची लोकप्रियता चित्रांपेक्षा या संवादांचीच म्हणावी लागेल. पुढे याच संस्थेने तेलुगू (कुशी टीव्ही, २००९), कन्नड (चिंटू टीव्ही, २००९) व मलयाळम् (कोच्चू टीव्ही, २०११) बालवाहिन्या काढल्या.