हिरव्या चंद्राखाली कंकालेश्वर

बीडचं कंकालेश्वर मंदिर मुळातच कल्पनाचित्रासारखं आहे. चहूकडे पाणी, मध्ये काळ्या दगडाचं देऊळ. वर मोठा हिरवट चंद्र टांगला की डिजिटल चित्राचा विषय तयार. क्रिटा हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर त्याला पुरतं.

रंगांना लगेच हात लावू नये. आधी देऊळ, पाणी, आकाश आणि मागे आपल्या मनाने उभे केलेले बालाघाटचे डोंगर फक्त करड्या छटांत मांडावेत. उजेड-अंधाराच्या या पायऱ्यांना व्हॅल्यू म्हणतात. चित्र अंगठ्याएवढं करून पाहावं. तेव्हा देऊळ उठून दिसत नसेल, तर नंतरचे रंग त्याला वाचवणार नाहीत.

मग प्रकाश. कल्पनाचित्रात वाटेल ते चालतं, या समजानेच बरीच चित्रं बिघडतात. चंद्र हिरवा करणं ही आपली मुभा. पण एकदा तो हिरवा ठरला की शिखराची उजळ बाजू, पायऱ्यांच्या कडा, पाण्यावरची चमक, सगळ्यांवर तो हिरवेपणा उतरायलाच हवा.

सावलीत निखळ काळा भरला की दगड मरतो. हिरव्या उजेडासमोर गडद वांगी रंग चांगला बसतो. त्यासाठी नवा लेअर, म्हणजे चित्रावरचा पारदर्शक थर, घेऊन तो ‘मल्टिप्लाय’ या ब्लेंडिंग मोडवर ठेवावा; त्याने खालचे रंग पुसले न जाता गडद होतात.

सॅच्युरेशन म्हणजे रंगाचा भडकपणा. तो सगळीकडे वाढवण्याचा मोह स्क्रीनवर फार होतो. पूर्ण भडक रंग गाभाऱ्यातल्या दिव्यापुरता राखावा, बाकी सारं मळकट चालेल. तो दिवा मग आपोआप पेटतो.

दूरचे डोंगर निळे करावेत, असं बहुतेक ठिकाणी शिकवतात, कारण मधली हवा निळा प्रकाश जास्त विखुरते. पण एप्रिलमध्ये हवेत धूळ असली की बालाघाट फिकट, मातकट पिवळा दिसतो. माझ्या मते शैली इथून सुरू होते. इंटरनेटवरचं तयार जांभळं-फिरोजी आकाश घेतलं, तर देऊळ कुठलंही होईल. काळी माती, वाळलेला कडबा, बिंदुसरा नदीचं गढूळ पाणी यांतून पाच-सहा रंग काढून ठेवावेत आणि पुढची काही चित्रं त्यांतच करावीत. फोटोतून रंग उचलण्यापेक्षा डोळ्याने जुळवावेत. मोबाइलचा कॅमेरा रंग स्वतःच्या मर्जीने बदलतो.

रात्री काम करताना स्क्रीनचा पिवळा ‘नाइट मोड’ बंद आहे ना, तेवढं पाहावं. नाहीतर सकाळी चंद्र निळा निघतो.