टोचनवाल्याचा दिवस

पहाटे 5:40
फोन वाजतो. निपाणीजवळ वेदगंगेकाठच्या मळीच्या रानात उसाची ट्रॉली रुतलीय. "मोठी साखळी आणा," ट्रॅक्टरमालक सांगतो. डॉक्टरला फोन करून आपणच औषध सांगावं, तसला प्रकार. साखळी घेतो, पण गाडीत आधी दोन फावडी टाकतो.

6:30
परवा अवकाळी झाला आणि काळ्या रानाचं लोणी झालं. पुढची ट्रॉली आसापर्यंत खाली गेलीय. ऊसतोड टोळी बांधावर शेकोटी करून बसलीय. दोन ट्रॉल्यांत मिळून पंधरा-वीस टन ऊस, जायचाय हलसिद्धनाथ कारखान्याला.

अमेरिकी लष्कराचा एक ढोबळ हिशेब आहे: गाडी चाकापर्यंत रुतली तर बाहेर काढायला तिच्या वजनाएवढा जोर लागतो, मडगार्डपर्यंत गेली तर दुप्पट, केबिनपर्यंत तर तिप्पट. वेदगंगेच्या मातीनं हा हिशेब कधी खोटा पाडलेला नाही. म्हणजे कुठल्याही दोराची निवड करण्याआधी ओझं कमी करायचं. मागची ट्रॉली सोडली. चाकांपुढची माती उतरती खणली, चरात पाचट भरलं. तास गेला.

मग साखळी. ती ताणत नाही, म्हणून तिला झटका द्यायचा नाही. सावकाश ताण घेऊन मगच ओढायचं. झटक्यानं कडी तुटली तर गोफणीतल्या धोंड्यासारखी सुटते. आणि बांधायची ती खाली, ड्रॉबारलाच. वर टॉपलिंकच्या जागी अडकवली तर ओढणाऱ्या ट्रॅक्टरचं तोंड उठतं आणि तो ड्रायव्हरच्याच अंगावर उलटतो. दुसऱ्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर गोकाककडचा. मी हात वर करून ओरडतो, "अण्णा, निधान, निधान!" सावकाश, या अर्थाचा हा कन्नड शब्द इथं मराठी माणसालाही पाठ. ट्रॉली कण्हत वर आली.

9:15
चहा, दोन पाव. पैसे कारखान्याचं बिल निघाल्यावर. ठीक.

11:45
बेळगाव. उद्यमबागेत नवा पट्टा घ्यायचाय. दुकानदार आधी निळा-पिवळा चकचकीत प्लॅस्टिकचा दोर पुढं करतो. हलका, स्वस्त; पण उन्हात महिनोन्महिने राहिला की तंतू ठिसूळ होतात. वायररोप तळहाताला कुसं लावतो आणि तुटला तर चाबकासारखा फिरतो. क्रेनवाल्यांचे पॉलिस्टर बेल्ट चांगले, त्यांची रंगांची भाषाही ठरलेली: हिरवा दोन टनांचा, पिवळा तीन, तांबडा पाच. पण ते उचलण्यासाठी. फारसे ताणत नाहीत.

रुतलेल्या जीपला हवं नायलॉन. ते ताणतं आणि परत आखडताना गाडीला हलकेच उपटून घेतं.

इथं एक मेख आहे. क्रेनच्या बेल्टवर 'तीन टन' लिहिलं असेल तर ते कामाचं वजन, तुटायला त्याच्या सातपट लागतं. जीपच्या पट्ट्यावर 'आठ टन' लिहितात ते बहुधा तुटण्याचंच वजन. आकडे शेजारी ठेवून तुलना केली की माणूस फसतो. आणि ज्याच्यावर लेबलच नाही, तो पट्टा मी फुकट दिला तरी घेत नाही. भरल्या गाडीच्या वजनाच्या दोन ते तीनपट तुटणीचा पट्टा बरा. त्याहून फार जाड घेतला तर तो ताणतच नाही. मग नायलॉनला पैसे कशाला मोजायचे?

आजोबा मोटेचा नाडा घेताना पीळ उलगडून आत बघायचे. मी शिवण बघतो. दुकानदाराला तेही आवडत नाही.

2:30
तवंदी घाटात एक टेम्पो दुसऱ्याला टोचन करून नेतोय. मधलं अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नको, असा नियम आहे. इथं मध्ये एक मोटारसायकलवाला शिरू बघतोय.

4:50
डोंगरामागच्या ओढ्यात थार रुतलीय. बेळगावची चार पोरं. दोन दोर लोखंडी शॅकलनं जोडलेत, एक टोक पुढच्या गार्डला गाठ मारून बांधलंय. गाठीनं दोराची ताकद निम्म्यावर येते आणि गार्ड म्हणजे नुसती शोभा. मधला शॅकल तर दोर तुटला की तोफगोळाच.

बारा वर्षांपूर्वी मीही असाच शहाणा होतो. घाईत बंपरला हुक अडकवला. हुक उपटून आला आणि माझ्याच जीपच्या मागच्या काचेतून शिरून डॅशबोर्डवर आदळला. मदतीचा पोरगा तेवढ्यात लघवीला खाली उतरला होता. त्याची सीट मी अजून बदललेली नाही.

पोरांचं सगळं सोडवलं. पट्टा दोन्हीकडे चासीच्या हुकांना. शॅकलची पिन पूर्ण आवळून पाव फेरा मागं, नाहीतर ताणानंतर सुटत नाही. पट्ट्याच्या मधोमध ओलं पोतं टाकलं, तुटलाच तर त्याची उसळी मोडायला. नऊ मीटरचा पट्टा, म्हणून माणसं पंधरा मीटर लांब. एकजण नेमका पट्ट्याच्या रेषेत मोबाईल धरून उभा.

"काका, व्हिडिओ नीट येतोय इथून."

"तू बाजूला हो, मग येऊ दे."

पट्टा जमिनीवर थोडा ढिला, नागमोडी. लो गिअर, पळत येऊन हिसका नाही. पहिल्यांदा गाडी हलली, दुसऱ्यांदा आली. वाटलं होतं त्यापेक्षा लवकर.

8:10
घरी पट्टे धुतले. चिखलातली बारीक रेती तंतूंत शिरून आतून कापत राहते, म्हणून साध्या पाण्यानं, आणि वाळवायचे सावलीत. जुन्या पट्ट्यावर बोट फिरवताना कडेला अडकलं. चिरलाय, दीड बोटभर. ओढ्यातल्या दगडाचं काम. विळ्यानं त्याचे तीन तुकडे केले, म्हणजे कुणी पुन्हा गाडीला लावणार नाही.

शेजारच्या वहिनी कुंपणापाशी उभ्या होत्या. "भाऊजी, टाकू नका ते. म्हशीचं दावं तुटलंय."

एक तुकडा दिला. उरलेले दोनही मागून घेतले.